बावीस युरोची गाडी आणि इटलीतले दहा दिवस

प्रश्न : ताई, नमस्कार. सप्टेंबरात आम्ही पाच जण इटलीला चाललोय, मी, नवरा, सासू-सासरे (दोघंही सत्तरीच्या आसपास) आणि पाच वर्षांची मुलगी. एकूण दहा दिवस. रोम, फ्लॉरेन्स, मग टस्कनीतली खेडी आणि शेवटी मिलान. नवऱ्याने एका वेबसाईटवर गाडी बघून ठेवलीय, रोम एअरपोर्टला घ्यायची आणि मिलानला सोडायची, दिवसाला २२ युरो. तो म्हणतो पाच जणांच्या ट्रेनपेक्षा हे केव्हाही स्वस्त, शिवाय आईबाबांना बॅगा ओढत फिरायला नको. मला तर ऐकूनच पोटात गोळा येतो, कारण आम्ही दोघंही कायम रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवत आलोय. इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो म्हणे, तो नक्की कुठला? पैसे फोरेक्स कार्डावर भरून नेणार आहोत, क्रेडिट कार्ड एकच आहे आणि ते माझ्या नावावर आहे. रोज रात्री यावरून वाद चाललेत. गाडी घ्यावी की नाही एवढं सांगा.
– बाजूच्या सीटवरची

उत्तर : गाडी घ्या, पण दहा दिवस नको, चार दिवस घ्या. तुम्ही अर्ध्या बरोबर आहात आणि तुमचे अहोही अर्धे बरोबर आहेत, फक्त दोघांनी आपापलं अर्धं पूर्ण दहा दिवसांना लावलंय म्हणून भांडण संपत नाहीये.

आधी तुमची बाजू घेते. रोम, फ्लॉरेन्स आणि मिलान या तीन शहरांत भाड्याची गाडी म्हणजे गळ्यात अडकवलेलं लोढणं आहे. बघायचं ते सगळं जुन्या गावठाणात, तिथे गल्ल्या अरुंद, पार्किंग महाग आणि सगळ्यात वाईट म्हणजे झेडटीएल. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी असा एक पट्टा आखलेला असतो जिथे रहिवासी आणि परवानगीवाले सोडून इतरांनी गाडी आणायची नाही. तिथे गेट नसतं, पोलीस नसतो, वर फक्त एक कॅमेरा असतो आणि तो नंबरप्लेट टिपतो. तुम्हाला काही कळतही नाही. लाल कड असलेली पांढरी गोल पाटी असते आणि तिच्याशेजारी बऱ्याचदा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड, त्यावर 'वार्को आत्तीवो' असं दिसलं की आत घुसायचं नाही. पण हे सगळं इटालियनमध्ये, मागे स्कूटरवाला हॉर्न मारतोय, मॅपवरची बाई उजवीकडे वळा म्हणतेय आणि मागच्या सीटवरून कुणाला तरी टॉयलेटला जायचंय, अशा वेळी पाटी कोण वाचतो? आणि एकाच पट्ट्यात हॉटेल शोधत तीनदा घुसलात तर दंड तीन, एक नाही. एकेक साधारण ऐंशी ते शंभर युरोच्या घरात जातो. मिलानमध्ये याचाच भाऊ म्हणजे एरिया सी, तिथे ठरलेल्या वेळात आत जायचं तर पैसे भरून पास घ्यावा लागतो आणि नाही घेतला तर दंड.

हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर हॉटेलवाले तुमचा नंबर कळवून परवानगी काढून देऊ शकतात, पण ते आपणहून करतीलच असं नाही, त्यांना मेल करून विचारावं लागतं आणि गाडीचा नंबर तर गाडी हातात आल्यावरच कळतो. एवढा उपद्व्याप कशासाठी, रोममध्ये तर तुम्ही चालणारच आहात.

आता २२ युरोकडे येऊ. हा आकडा खोटा नाही, पण तो फक्त गाडीचा आकडा आहे. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची म्हटलं की वन-वे फी लागते, ती कधी किरकोळ असते तर कधी दोन दिवसांच्या भाड्याइतकी, बुकिंगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडेल. दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे वेगळे पैसे, मुलीच्या सीटचे वेगळे, एअरपोर्टवरून घेतली तर त्याचा सरचार्ज (हा बऱ्याचदा भाड्यात धरलेला असतो, पण बघून घ्या). ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर भाडं बरंच वाढतं, कारण युरोपात स्वस्त कॅटेगरीतली गाडी गिअरची असते असंच गृहीत धरलेलं असतं. मग रोम ते मिलान एक्स्प्रेसवेचा टोल चाळीस युरोच्या वर, पेट्रोल लिटरला पावणेदोन युरोच्या आसपास आणि पावणेसहाशे किलोमीटर अंतर, शिवाय तीन शहरांत मिळून पाच-सहा रात्रीचं गॅरेज पार्किंग, तेव्हा गाडी नुसती उभी असते आणि तिचं भाडं चालूच असतं. हे सगळं कागदावर मांडा आणि मग ट्रेनच्या तिकिटांशी तुलना करा. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने साधारण दीड तास, फ्लॉरेन्स ते मिलान दोन तास, त्रेनितालिया आणि इतालो अशा दोन कंपन्या एकाच मार्गावर धावतात त्यामुळे लवकर बुक केलं तर तिकिटं स्वस्त पडतात. अहोंना हा कागद दाखवा, तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलं की वाद होतो.

आता त्यांची बाजू. टस्कनीत गाडीशिवाय मजा नाही, हे त्यांचं अगदी खरं आहे. पिएन्झा, मोंतेपुल्चानो, ती व्हाल दोर्चाची टेकड्यांची दरी, हे सगळं बसने करायला गेलात तर दिवसाला दोन-चार बस आणि रविवारी त्याही कमी, सासूबाईंना स्टॉपवर दीड तास बसवून ठेवणार का? तिथे शेतावरच्या घरात राहायचं असेल तर गाडी पाहिजेच, कारण ती घरं मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असतात.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. रोमहून ट्रेनने फ्लॉरेन्स, तिथे दोन रात्री पायी. मग गाडी फ्लॉरेन्सच्या पेरेतोला एअरपोर्टवरून घ्यायची, स्टेशनजवळच्या ऑफिसातून नाही, कारण स्टेशनच्या आसपास घेतली की घेताना नाही तर परत करताना झेडटीएलच्या कडेकडेने जावं लागतं. एअरपोर्टला स्टेशनजवळून टी-टू ट्राम जाते, टर्मिनलवरून शटल बस रेंटलच्या ऑफिसांपर्यंत सोडते. आणि तिथून बाहेर पडलं की लगेच मोठा रस्ता लागतो, पहिल्याच पाच मिनिटांत गल्लीबोळ नाहीत, हे उजव्या बाजूने पहिल्यांदा चालवणाऱ्यासाठी फार मोलाचं आहे. चार दिवस फिरा, गाडी तिथेच परत करा म्हणजे वन-वे फी पण नाही, आणि ट्रेनने मिलान. एक बारीक गोष्ट, शहरातली रेंटल ऑफिसं दुपारी जेवायला बंद होतात आणि शनिवार दुपार-रविवार तर बऱ्याच ठिकाणी शटर खालीच, एअरपोर्टवर ती कटकट कमी.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात आणि खरं तर सगळा पेच त्यातच आहे. क्रेडिट कार्ड तुमच्या नावावर आहे. गाडी देताना कंपनी कार्डावर डिपॉझिट ब्लॉक करते आणि ते कार्ड मेन ड्रायव्हरच्या नावाचंच लागतं. नवऱ्याच्या नावाने बुकिंग आणि बायकोचं कार्ड, हे काउंटरवर चालत नाही, आडनाव एक असलं तरी चालत नाही. फोरेक्स कार्ड हे प्रीपेड कार्ड, ते डिपॉझिटला जवळपास कुणीच घेत नाही. डेबिट कार्ड काही कंपन्या घेतात पण मग त्यांचा महागडा इन्शुरन्स घ्या अशी अट घालतात. असे कितीतरी लोक काउंटरवरून गाडी न घेता परत जातात आणि आगाऊ भरलेले पैसेही परत मिळत नाहीत, कारण नियमाप्रमाणे चूक त्यांची असते. म्हणजे एक तर अहोंनी आत्ता स्वतःचं क्रेडिट कार्ड काढायचं, नाहीतर मेन ड्रायव्हर तुम्ही व्हायचं आणि त्यांना ॲडिशनल ड्रायव्हर म्हणून लावायचं.

मी तर म्हणेन दुसरं करा. घाबरणारा माणूस जास्त सांभाळून चालवतो आणि पाट्याही वाचतो. दोघांची नावं ॲग्रीमेंटवर असलीच पाहिजेत, कारण ज्याचं नाव नाही त्याने 'जरा पाच मिनिटं मी घेतो' म्हणून स्टिअरिंग घेतलं आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर सगळा इन्शुरन्स गेला. त्यासाठी दोघांनी काउंटरवर स्वतः उभं राहायचं, लायसन्स घेऊन. आणि क्रेडिट लिमिट किती आहे, परदेशातले व्यवहार चालू आहेत का, कार्डाचा पिन आठवतोय का, हे निघायच्या आधी बघून ठेवा. पिन तर लोक हमखास विसरतात.

लायसन्सचं पटकन सांगते. तुमचं लायसन्स युरोपियन युनियनबाहेरचं असेल तर इटलीत मूळ लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आयडीपी म्हणतात ते. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निघणारं परमिट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. ते ज्या देशाचं लायसन्स त्याच देशात आणि तिथल्या अधिकृत ऑफिसातूनच काढायचं, विमानात बसल्यावर आठवलं तर उपयोग नाही. नेटवर 'दहा मिनिटांत इंटरनॅशनल लायसन्स' म्हणून जे विकतात ते घेऊ नका, पैसे पाण्यात. आणि आयडीपी मिळालं म्हणून मूळ लायसन्स घरी ठेवून जाऊ नका, परमिट हे त्याचं भाषांतर आहे, एकट्याला काही किंमत नाही. काउंटरवरच्या माणसाने आयडीपी मागितलंच नाही असंही होतं, पण रस्त्यावर पोलीस मागू शकतो आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला नक्की मागतो.

आता इन्शुरन्स. इथे जरा निवांत वाचा. इटलीत भाड्यातच दोन-तीन गोष्टी बहुधा आलेल्या असतात, थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, चोरी आणि सीडीडब्ल्यू. सीडीडब्ल्यू म्हणजे गाडी ठोकली तर एका मर्यादेच्या वरचं नुकसान कंपनीचं. त्या मर्यादेच्या आतलं तुमचं, तिला एक्सेस म्हणतात आणि साध्या गाडीला ती हजार ते अडीच हजार युरोपर्यंत असू शकते. म्हणजे 'इन्शुरन्स इनक्लुडेड' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं असतं ते खरंच असतं, पण आरशाला ओरखडा आला, बंपरला पोच आली, तर ते सगळं त्या मर्यादेच्या आत येतं आणि तुमच्याच कार्डावरून जातं. त्यातही काच, टायर, गाडीचा खालचा भाग आणि छत हे साध्या सीडीडब्ल्यूत बहुतेक वेळा धरतच नाहीत. टस्कनीत हे विशेष लक्षात ठेवा कारण फोटोत दिसणारे ते सरूच्या झाडांमधून जाणारे सुंदर पांढरे रस्ते खडीचे असतात, डांबरी नाहीत, आणि खडी उडून काचेला लागणं किंवा खालून घासणं हे तिथेच होतं.

हा एक्सेस शून्यावर आणायचे दोन मार्ग. एक, रेंटल कंपनीचं स्वतःचं फुल कव्हर. महाग, पण काही झालं तर तुम्ही फक्त चावी देऊन निघता, आणि डिपॉझिटही थोडंच ब्लॉक होतं. दोन, बाहेरची एक्सेस पॉलिसी किंवा बुकिंग करणाऱ्या वेबसाईटचं 'फुल प्रोटेक्शन'. हे स्वस्त असतं पण काउंटरवरच्या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो तुमच्या कार्डावर पूर्ण एक्सेस ब्लॉक करणार, नुकसान झालं तर आधी तुमच्याकडून वसूल करणार आणि मग तुम्ही ॲग्रीमेंट, डॅमेज रिपोर्ट, बिल, कार्डाचं स्टेटमेंट असे सगळे कागद गोळा करून त्या पॉलिसीवाल्यांकडे मागायचे. मिळतात, पण वेळ लागतो. शिवाय बाहेरची पॉलिसी तुम्ही राहता त्या देशातल्या लोकांना मिळते का हे बघावं लागतं, काही फक्त ठराविक देशांच्या रहिवाशांसाठी असतात.

वारंवार गाडी घेणाऱ्याला मी डोळे मिटून दुसरा मार्ग सांगते. तुम्हाला मात्र पहिला. पहिल्यांदा उजवीकडून चालवणार, सोबत दोन म्हातारी माणसं, एक मूल, आणि दिवस फक्त चार. चार दिवसांच्या कव्हरचे जास्तीचे पैसे झोप येण्यासाठी दिले असं समजा. फक्त ते काउंटरवर घेऊ नका, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर बुकिंग करतानाच घ्या, तिथे बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि शांतपणे वाचताही येतं की त्यात काच-टायर-खालचा भाग येतो का. मोठ्या कंपन्यांच्या साईटवर हे हल्ली बरंच स्पष्ट दिसतं. एव्हिस, युरोपकार, एंटरप्राइज, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच जणांनी टाळता न येणारे सगळे चार्ज किमतीतच दाखवायचं कबूल केलं होतं आणि २०१९ साली युरोपियन कमिशनने त्यांनी ते केल्याचं जाहीर केलं. मधल्या दलाल वेबसाईट त्या यादीत नव्हत्या, त्यामुळे दर शोधायला दलाल वापरा पण बुकिंग शक्यतो थेट करा. कॅन्सल करता येणारं करा.

एक अपवाद, चुकीचं इंधन घातलं किंवा चावी हरवली तर फुल कव्हरही बऱ्याचदा हात वर करतं.

काउंटर. तिथे तुम्ही रांगेत उभं राहून कंटाळलेल्या असाल आणि पलीकडचा माणूस हसतमुख असेल. तो म्हणेल, मॅडम एवढ्या सामानाला ही गाडी लहान पडेल, थोडेच पैसे जास्त. मग म्हणेल रोडसाईड असिस्टन्स, मग टोलचा डबा (गाडीत लावायचा, टोल आपोआप कापणारा), मग टाकी आमच्याकडून विकत घ्या म्हणजे परत करताना भरायला नको. टाकीवाला प्रकार कधी घेऊ नका, उरलेल्या पेट्रोलचे पैसे परत मिळत नाहीत. 'फुल टू फुल'च पाहिजे, म्हणजे भरलेली टाकी घ्यायची आणि भरूनच परत द्यायची. चार दिवसांसाठी टोलचा डबाही नको. त्याच्या हातातल्या टॅबवर सही करायला सांगेल आणि स्क्रीनवर रकमेचा पत्ता नसेल, तेव्हा टॅब आपल्याकडे वळवायचा, एकूण रक्कम बघायची आणि बुकिंगच्या प्रिंटशी ताडायची, मागे कितीही रांग असू दे. कार्ड मशीनने 'युरो की तुमचं चलन' असं विचारलं तर युरो. आपल्या चलनात दाखवलेला दर कायम वाईट असतो.

गाडी कोणती? पाच माणसं पाच सीटच्या गाडीत बसतात, पाच जणांच्या बॅगा बसत नाहीत, हे गणित सगळ्यांचं चुकतं. सात सीटरमध्ये तर आणखी फजिती कारण मागची रांग उघडली की डिक्की नावालाच उरते. आणि खूप मोठी व्हॅन घेतली तर खेड्यांतल्या रस्त्यांवर जीव मुठीत. तुम्ही फ्लॉरेन्सलाच परत येणार आहात ना, मग मोठ्या बॅगा तिथल्या हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या लगेज रूममध्ये ठेवा, चार दिवसांचे कपडे दोन लहान बॅगांत भरा आणि स्टेशन वॅगन बुक करा. वेबसाईटवर दिसणारं मॉडेलच मिळेल असं नाही, 'ऑर सिमिलर' लिहिलेलं असतं, त्यामुळे मॉडेलवर नाही कॅटेगरीवर ठरवा. ऑटोमॅटिक घ्या, पैसे जास्त गेले तरी. डाव्या सीटवर बसून उजव्या हाताने गिअर टाकणं जमतं, पण पहिल्या दिवशी डोक्याला जेवढं काम कमी तेवढं बरं. ऑटोमॅटिक कमी असतात, आत्ताच बुक करा.

इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे, मांडीवर घेऊन बसणं वगैरे विसरा. भाड्याने मिळतो, पण काउंटरवाले तो बसवून देत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडचा युरोपियन मान्यतेचं ईसीई लेबल असलेला असेल तर तोच न्या.

चावी मिळाली की लगेच निघू नका. अहोंना फोन घेऊन गाडीभोवती फिरवा, सलग व्हिडिओ, चारही बाजू, चाकांच्या रिम, आरसे, समोरची काच, छत, मग आत बसून पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर. बहुतेक पार्किंग अंधाऱ्या तळघरात असतात, तिथे ओरखडे दिसत नाहीत, टॉर्च लावा किंवा गाडी उजेडात घ्या. कागदावर नसलेला ओरखडा दिसला तर ऑफिसात परत जाऊन लिहून घ्यायचा, 'अरे ते छोटंसं आहे, चालतं' असं कुणी म्हणालं तरी. रिफ्लेक्टर जॅकेट आणि त्रिकोण गाडीत आहे का बघा, शहराबाहेर रस्त्यात गाडी बंद पडली तर ते जॅकेट घालूनच उतरावं लागतं. स्टेपनी आहे का तेही बघा, हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसती फवाऱ्याची बाटली आणि पंप असतो.

मग तिथेच पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरवा. पहिल्या दिवशी तुम्ही वळताना इंडिकेटरच्या जागी वायपर लावणार, हे गृहीतच धरा, कारण दांड्या उलट्या असतात. खरा धोका वर्दळीत नसतो, तिथे पुढच्याच्या मागे गेलं की झालं. तो असतो सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा शेतावरच्या घरातून बाहेर पडताना, तेव्हा हात आपोआप डावी बाजू धरतो. बाजूला बसलेल्याचं काम एवढंच, प्रत्येक वळणाला 'उजवीकडे राहा' म्हणायचं, बाकी ड्रायव्हिंगवर टिप्पणी नको. राउंडअबाउटला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्या, म्हणजे आधीच आत असलेल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं.

आणखी एक चूक म्हणजे उजव्या बाजूचा अंदाज. आपली सवय उजवीकडे बसायची असते म्हणून गाडी नकळत उजवीकडे जास्त जाते आणि उजवा आरसा नाहीतर उजवं चाक फुटपाथच्या कडेला घासतं. रिमचे ओरखडे तिथूनच येतात.

हिरव्या पाट्या म्हणजे टोलचा एक्स्प्रेसवे, निळ्या म्हणजे साधा मोठा रस्ता. टोलला आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. पिवळ्या 'टेलेपास' लेनमध्ये (ती टोलचा डबा असलेल्यांची) शिरू नका, आणि कार्ड चाललं नाही तर गाडी मागे घ्यायची नाही, मदतीचं बटण दाबलं की एक पावती निघते आणि ते पैसे पंधरा दिवसांत भरता येतात. फ्लॉरेन्स-सिएना रस्त्याला टोल नाही, पण तो अरुंद आहे आणि त्यावर स्पीड कॅमेरे आहेत, तुमची मर्यादा तुम्ही पाळा, मागून कुणी कितीही चिकटलं तरी. एक्स्प्रेसवेला १३०, पाऊस असेल तर ११०, लहान रस्त्यांना ९०, गावात ५०. फोन हातात धरला तर डिसेंबर २०२४ पासून दंड २५० युरोपासून सुरू होतो. आणि त्या भागात वाइन चाखायला बोलावतात, चालवणाऱ्याने चाखायची नाही.

पार्किंगला पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट (वेळेची पाटी वाचून), निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे दुसऱ्याच्या. सिएना, सॅन जिमिन्यानो इथे गाडी तटबंदीच्या बाहेरच लावा. सिएनाला सांता कातेरिना पार्किंगपासून वर गावात जायला सरकते जिने आहेत, सासू-सासऱ्यांना चढ नको.

पेट्रोलच्या बंदुकीचं हँडल तिथे सहसा हिरवं आणि नाव 'बेन्झिना', डिझेल काळं आणि 'गासोलियो'. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते एकदा फोनवर फोटो काढून ठेवा. 'सर्व्हितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे पैसे जास्त घेतात, सेल्फ घ्या. सेल्फच्या मशीनला कार्ड लावलं की शंभरेक युरो तात्पुरते ब्लॉक होऊ शकतात, घाबरू नका, नंतर सुटतात.

छोटा अपघात झाला तर डॅशबोर्डच्या कप्प्यात एक निळा फॉर्म असतो, दोन्ही गाडीवाल्यांनी भरून सही करायचा. न समजलेल्या गोष्टीवर सही करू नका, फोटो काढा आणि रेंटल कंपनीला तिथूनच फोन करा. कुणाला लागलं असेल तर ११२.

परत करताना ऑफिस उघडं असताना जा, कुणाला तरी गाडी बघायला लावा आणि 'ठीक आहे' असं कागदावर घ्या. रात्री चावी पेटीत टाकून गेलात तर सकाळी कुणी बघेपर्यंत जे काही होईल ते तुमच्या नावावर. तेव्हाही व्हिडिओ काढा, पेट्रोल भरल्याची पावती जपा. आणि भाड्याचा दिवस चोवीस तासांचा असतो, सोमवारी सकाळी दहाला घेतली आणि शुक्रवारी दुपारी एकला दिली तर पाचव्या दिवसाचं भाडं लागू शकतं.

डिपॉझिट सुटायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर कार्डावर अचानक ४०-६० युरो कापले गेलेले दिसले तर तो दंड नसतो, ती रेंटल कंपनीची फी असते, पोलिसांनी नंबर पाठवला आणि कंपनीने तुमचं नाव-पत्ता कळवला त्याबद्दल. म्हणजे खरा दंड मागून येतोय. इटलीबाहेरच्या पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात पत्र आलं तरी नवल नको. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर बहुतेक दंडांत ३० टक्के सूट मिळते, तेव्हा पत्र आलं की आधी कोण चालवत होतं यावर वाद घालू नका, भरून टाका, वाद सहाव्या दिवशी घाला.